पाद्री द्राब्बे यांचं ऋण मानायचं की नाही?

खडूपाटी:
पेट्रुस द्राब्बे (१८८७–१९७०) हे डच कॅथलिक पाद्री. आधी तनिंबार बेटांवर आणि १९३५पासून डच न्यू गिनीच्या (आजचा इंडोनेशियातला पापुआ) दक्षिण भागात राहून त्यांनी मारिंड, अस्मत, कामोरो, मांडोबो अशा कितीतरी भाषांची व्याकरणं लिहिली. मारिंडचंच बघा. अनेम म्हणजे पुरुष, अनुम म्हणजे बाई, अनिम म्हणजे माणसं. मधला एक स्वर फिरला की लिंग-वचन फिरतं, आणि 'तो, ती, ते' सांगणारा शब्दही सोबत बदलतो: एपे, उपे, इपे. जनावरं बायकांच्याच गटात! ज्या भाषेला लिपी नाही, तिची अशी घडण नुसती ऐकून उकलायची. आजही तिथल्याच आव्यू-दुमुत या भाषागटाचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांचं त्यांच्या नोंदींवाचून पान हलत नाही. केवळ धर्मप्रसारक म्हणून त्यांना मोडीत काढणं मला पटत नाही.

दर्यावर्दी:
मोडीत कुणी काढत नाही. पण त्यांचं मिशन १९०५पासून तिथल्या मेरौके गावी होतं. मारिंडांचे जुने विधी बंद पाडण्यात सरकारइतकाच मिशनचाही हात होता आणि शाळा चालली ती मलय भाषेत. जिथे ती भाषा भरभरून बोलली जायची, ती जागाच काढून घेतली. मग व्याकरण कुणासाठी?

अनुस्वार:
त्या विधींच्या जोडीला शिरच्छेदाच्या मोहिमाही होत्या, शेजारची गावं त्यात भरडली जात. तेही मोजा. आणि आपण फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' वाचतोच ना? त्यांचं कोकणी व्याकरण १६४०मध्ये गोव्यात रायतूरला छापलं. इन्क्विझिशनच्या काळातलं म्हणून ते टाकून दिलं का?

दर्यावर्दी:
ही तुलना टिकत नाही. स्टीफन्सच्या आधी तीनशे वर्षं आपल्याकडे ज्ञानेश्वरी होती. मारिंडांकडे स्वतःचा लिखित शब्द नव्हता. पाद्र्याला जे नको वाटलं, त्याच्या कानावर जे आलंच नाही, ते बहुतेक कायमचं गेलं.

खडूपाटी:
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. तरी जे उरलंय ते त्यांच्यामुळेच, यावर मी ठाम आहे. माझी खरी तक्रार वेगळी आहे. अस्मतचं व्याकरण (१९५९) इंग्रजीत आहे, पण मारिंडचं १९५५चं आणि बाकीचं बरंचसं डचमध्ये. आज या भाषा बोलणारी पोरं शाळेत इंडोनेशियन शिकतात. या व्याकरणांची इंडोनेशियन भाषांतरं व्हायला हवीत, आणि त्यातल्या चुका दुरुस्त करायचा पहिला हक्क मारिंड लोकांचा.