घरची गाडी पण तीच अन् टाकी ओढायला पण तीच? जरा दमानं, ग्रीनप्लेटराव!

मोहोळचा_कांदा

परवा ग्रीनप्लेट यांनी लिहिलं की डिझेलचा पिकअप विकून त्यांनी विजेवरचा छोटा टेम्पो घेतला. दिवसा टॉवेलचे गठ्ठे, संध्याकाळी मागं हुकाला हजार लिटरची पाण्याची टाकी, अन् रविवारी त्यातच घरचे सगळे तुळजापूरला. वर शेवटी टोला: "अमेरिकेत लोक विजेच्या पिकअपमधून पोरं शाळेत सोडतात अन् त्याच पिकअपनं बोट ओढतात. सोलापूरकरांनी अजून किती दिवस डिझेलचा धूर खायचा?" पटापट बदाम पडले त्याला. दोन दिवस गप्प बसलो, आज बसवत नाही.

अमेरिकेतला पिकअप म्हणजे पाच जणांची केबिन, एसी, एअरबॅग अन् मागं हौदा. विजेवर तसला पिकअप आपल्याकडं विकायलाच नाही. डिझेलमध्ये इसुझूचा व्ही-क्रॉस आहे, टोयोटाचा हायलक्स आहे, पण किंमत ऐकून माणूस शोरूमच्या दारातच परत चपला घालतो. विजेवर मिळतात ते टाटांचा २०२२ चा एस ईव्ही, महिंद्रांचा २०२४ चा झिओ अन् त्यांचे भाऊबंद. सगळे मालवाहू. पुढं ड्रायव्हर अन् शेजारी एखादा. मग ग्रीनप्लेटरावांची आई, बायको अन् दोन पोरं तुळजापूरला कुठं बसून गेली? हौद्यात. कांद्याच्या गोण्या बसतात तिथं.

आता ओढण्याचं. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. टाकी अन् ट्रेलरचं लोखंड धरून सव्वा टनाच्या पुढं. मी चौदा वर्षं ट्रॉली ओढतोय म्हणून सांगतो, भरलेली टाकी परवडली, अर्धी नको. ब्रेक मारला की गाडी थांबते, पाणी थांबत नाही. एखादा सेकंद सगळं शांत, अन् मग मागून बैलानं ढुशी द्यावी तसा धक्का. असल्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसतो. आत पाणी अडवायला आडवी पत्री नसेल तर वळणावर टाकी गाडीला कुठं नेईल याचा नेम नाही. आणि तुम्ही हे करता सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या गर्दीत.

खर्चाचंही सांगा की खरं. घरच्या मीटरवर चार्ज करता ना? शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. टेम्पो लावला की घरातला पंखासुद्धा महागात फिरतो.

ग्रीनप्लेट

अण्णा, तुम्ही माझी पोस्ट वाचली का नुसती चाळली? हौद्यात कोण बसलं होतं हे मी लिहिलंच नव्हतं. बसले होते, ती गोष्ट वेगळी. पण तुमच्या मोहोळात लग्नाचं वऱ्हाड काय विमानानं जातं काय?

माझा हिशेब घ्या. रोज साठ-सत्तर किलोमीटर, पूर्व भागातून एमआयडीसी, तिथून ट्रान्सपोर्ट. रात्री १५ अँपियरच्या सॉकेटला लावतो, सकाळी तयार. साधारण १४ युनिट जातात. तिसरा स्लॅब, म्हणजे तुमचा तिसरा दर, धरला तरी डिझेलच्या निम्म्यात बसतं. क्लच नाही, ऑइल नाही. जुन्या पिकअपच्या दोन क्लचप्लेटा मी ह्याच टाकीपायी जाळल्या. चढाला भरली टाकी घेऊन थांबा अन् परत उचला, डिझेलमध्ये केबिनभर क्लचचा वास. विजेच्या मोटरला पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण ओढ असते. पाय ठेवला की निघाली. हे तुम्ही चौदा वर्षांत एकदा तरी चालवून बघितलंय का? नाही ना? मग?

कडक_भाकरी

धूर खायचा नाही म्हणे. फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प कुणाच्या अंगणात आहे बे? तुमचा टेम्पो धूर सोडत नाही, पत्ता बदलून सोडतो.

कलम_बहाद्दर

दोघांनाही थोडं कायद्याचं.

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालानं हे स्पष्ट झालंय की साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या मोटारीच्या) लायसनवर चालवता येते. बॅटरीवरच्या मालवाहू गाड्यांना २०१८ पासून परमिटची गरज नाही. हे ग्रीनप्लेट यांच्या बाजूनं.

आता विरुद्ध. मालगाडीत फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीच्या अंगावर पडत नाही. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत असेल तर वेगळी गोष्ट. देवदर्शनाला निघालेली आई हा माल नव्हे. आणि ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते. वर्कशॉपमधून हुक वेल्डिंग करून आणला म्हणजे झालं असं नसतं.

ग्रीनप्लेट

म्हणजे लायसन चालतं, परमिट लागत नाही, फक्त बायको चालत नाही. समजलं. धन्यवाद वकीलसाहेब.

कलम_बहाद्दर

मी वकील नाही. माझ्या मामेभावाचा हात गेलाय, अशाच हौद्यातून पडून. तेव्हा वाचलं हे सगळं. चेष्टा करायची तर करा.

ह्यूस्टनचा_भाचा

मूळचा सोलापूरच्या बाळीवेशीतला, म्हणून मध्ये बोलतो. अमेरिकेचं नाव आलंय तर नीट येऊ द्या.

आमच्याकडं विजेचा पिकअप आहे, कुठला ते सोडा. घरासाठी म्हणाल तर मोठ्या कारसारखाच. इंजिन नसल्यामुळं बॉनेटखाली सामानाची पेटी, किराणा तिथंच जातो. पण ओढण्याच्या जाहिराती बघून निष्कर्ष काढू नका. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगचंच घ्या. कागदावर साडेचार टन ओढते, मोठ्या बॅटरीला ५१५ किलोमीटर रेंज. दोन्ही आकडे खरे, पण एका वेळी नाही. मागं उंच कॅम्पर (चाकावरची खोली) लावला की रेंज जवळजवळ निम्मी, कारण वजनापेक्षा वारा जास्त खातो. बुटकी बोट असेल तर कमी फटका. शिवाय बहुतेक चार्जर पार्किंगच्या टोकाला, तिथं ट्रेलर सोडून गाडी आत घालायची, परत जोडायचा. दोन लहान पोरं मागं रडत असताना करून बघा.

आणि फोर्डनंच डिसेंबर २०२५ मध्ये नुसत्या बॅटरीवरची लाइटनिंग थांबवून, पुढची जनरेटर असलेली आणू असं जाहीर केलंय. ग्रीनप्लेट, हे पण लिहा पुढच्या वेळी.

एक मात्र कबूल. जुलै २०२४ मध्ये इथं बेरिल वादळ आलं, वीज गेली. ट्रकमधून वायर ओढून फ्रिज अन् पंखे चालवले. शेजारचे बर्फ ठेवायला आमच्याकडं.

घरकुलची_ताई

तुमच्याकडं वादळ आल्यावर वीज जाते, कौतुक आहे. आमच्याकडं वादळ नाही, वीज आहे, समोर धरण भरलंय, तरी नळाला पाचव्या दिवशी पाणी. तेही रात्री अडीचला. हा माणूस टेम्पोला टाकी बांधून का फिरतो हे इथं एकालाही विचारावंसं वाटलं नाही. डिझेल का वीज यावर एवढी भांडणं! अहो, पाणी ओढायलाच का लागतं?

कडक_भाकरी

ताई, आता खरा विषय काढला तुम्ही.

घरकुलची_ताई

उजनी धरण भरलं की पेपरात फोटो. ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). आमच्या घरात सहा पिंपं, दोन हंडे अन् एक जुना कुलर आहे, त्यात पाणी साठवतो. सासूबाईंनी कॅलेंडरवर पाण्याच्या दिवसाला गोल केलाय, चतुर्थीला नाही केला. शहराला पाणी म्हणून नदीत सोडलं की वाटेत मोटारी बसलेल्याच. कुणाच्या उसाला जातं ते?

मोहोळचा_कांदा

ताई, ऊस-ऊस करून शेतकऱ्यावर येऊ नका. ११७ मधले ६३ मृतसाठा आहे, ते आधी वजा करा. धरणासाठी जमिनी कुणाच्या गेल्या? आमचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, आठ दिवस पुढं ढकललं तर शेतातला कांदा माना टाकतो. तुम्ही नळ आला नाही की फोन करता, आम्ही कुणाला करायचा?

घरकुलची_ताई

मी कुणाला फोन करते अन् तिकडून काय उत्तर येतं ते इथं लिहिलं तर पोस्ट उडेल. जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत. ते काय कांद्यावर चालतात?

मोहोळचा_कांदा

माझ्याकडं ऊस नाही.

कडक_भाकरी

अण्णा?

मोहोळचा_कांदा

दीड एकर आहे. ठिबकवर आहे. त्याचा इथं संबंध नाही.

कडक_भाकरी

😂 दीड एकर निघाला बघा शेवटी. अन् मोटार? साडेसात एचपीच्या आतली, वीजबिल शून्य. आणि ग्रीनप्लेटला स्लॅब शिकवायलाय.

मोहोळचा_कांदा

ती मोफत वीज योजना सरकारनं दिलीय, मी चोरली नाही. आणि त्या कनेक्शनवर मी टेम्पो चार्ज करत नाही. करणारे दोघं माहितीयेत मला. शेतीच्या विजेवर गाडी लावणं हा वेगळा गुन्हा आहे, बहाद्दरांना विचारा. तुला ज्या विषयातलं कळत नाही त्यात हसायचं सोड.

ग्रीनप्लेट

माझा धागा पाण्यात गेला. असो. एक गोष्ट आधी लिहिली नव्हती, आता लिहितो. अण्णांनी तिचा झेंडा करू नये.

गेल्या कोजागरीच्या आदल्या दिवशी धाराशिवला बहिणीकडं गेलो होतो. मी, बायको अन् पोरगी, तिघंही केबिनमध्ये, बहाद्दर. (दोघांच्या जागेत तिघं, हो, कळलं.) येताना कळलं की तुळजापूर रस्ता गाड्यांना बंद. पायी जाणाऱ्यांची गर्दी, दर वर्षीचंच आहे, माझ्याच डोक्यात राहिलं नव्हतं. वैरागकडून वळसा. हौद्यात बहिणीनं दिलेली ज्वारीची चार पोती. बॅटरी नऊ टक्के, अंधार पडलेला, अन् मोबाइलवर चार्जर दाखवतंय ते मागं राहिलेल्या गावात. एका गावात पिठाची गिरणी उघडी दिसली. मालक म्हणाला, "सॉकेट आहे, पण दळण संपेपर्यंत थांबा, दोन्ही एकदम चालवलं तर फ्यूज जाईल." थांबलो. पोरगी पिठानं पांढरी. मग सव्वादोन तास गाडी लावली. बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं. पैसे देऊ लागलो तर त्यानं घेतले नाहीत, एक पोतं ज्वारी तेवढी तिथंच दळून घेतली.

तेव्हापासून लांब जायचं तर भावाची कार मागतो. झालं समाधान?

मोहोळचा_कांदा

झालं. म्हणजे "घरची गाडी पण हीच" हे वाक्य तुम्ही खोडलं. बाकीचं राहू दे.

ग्रीनप्लेट

घराजवळच्या घरची गाडी. मुलीला क्लासला सोडतो, भाजी आणतो. आणि तुळजापूरच्या घाटातून उतरताना बॅटरी उलटी दोन टक्के भरते, तेव्हा तुमचा पिकअप नुसता ब्रेक तापवत असतो. त्याचं बोला.

मोहोळचा_कांदा

उतारावर भरते हे मान्य. देवीची कृपा म्हणा. चढताना किती खाल्ली ते सांगत नाही तुम्ही.

ग्रीनप्लेट

अकरा.

ह्यूस्टनचा_भाचा

टाकीच्या धक्क्याचं अण्णा बरोबर बोलले, ते पाण्यासोबत वाहून गेलं. ग्रीनप्लेट, पाय काढल्यावर तुमची मोटर गाडीला मागं खेचते, त्याच वेळी पाणी पुढं येतं. ओल्या रस्त्यावर ट्रेलर आडवा व्हायला तेवढं पुरतं. गाडीला ट्रेलर ओढायची परवानगी कंपनीनं दिलीय का, हे पुस्तिकेत बघा.

ग्रीनप्लेट

बघितलं. नाही दिलेली.

कलम_बहाद्दर

मी काही बोलत नाही.

ग्रीनप्लेट

पाचशे लिटरच्या दोन टाक्या हौद्यातच बसवतो. एका वेळी एकच भरायची, पण काठोकाठ. ट्रेलर काढून टाकणार आहे. पण डिझेल परत घेणार नाही, हे अण्णांनी लिहून घ्यावं. आणि टोलचा मुद्दा कुणी काढायच्या आत सांगतो, समृद्धी महामार्गावरची विजेच्या गाड्यांची माफी कारला अन् बसला आहे, मालगाडीला नाही. पुणे रोडला सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, सगळीकडं पैसे मोजतो. या एका बाबतीत मीही रागावलेलोच आहे.

घरकुलची_ताई

ट्रेलर काढणार म्हणजे विकणार का? टाकीसकट काय घ्याल? आमच्या गल्लीत एकाकडं ट्रॅक्टर आहे, ब्रेकची काळजी तो करेल.

मोहोळचा_कांदा

ताई, घेण्याआधी आत पत्री मारून घ्या. दोन आडव्या, मधे हात जाईल एवढं भोक ठेवून. पत्रा माझ्याकडं पडलाय, कांद्याच्या चाळीचा उरलेला.

घरकुलची_ताई

फुकट का?

मोहोळचा_कांदा

उसावरचं मागं घेतलं तर फुकट.