मुलीला सहावीला खासगी शाळेत घालतोय, तिथं पोरं नेमकं काय शिकतात? सांगलीकरांनी सांगा

माधवनगरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी पाचवीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळेबद्दल तक्रार नाही, गुरुजी जीव ओतून शिकवतात, पण वर्ग पाचवीपर्यंतच आहेत. जूनमध्ये दुसरी शाळा बघायचीच आहे.

दोन खासगी शाळा बघून आलो. दोन्हीकडं गुळगुळीत कागदाची पुस्तिका हातात ठेवली. रोबोटिक्स, अबॅकस, स्मार्ट बोर्ड, घोडेस्वारी. घोडा काही दिसला नाही. मी विचारलं, सहावी ते आठवीत पोरं शिकतात काय? ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "सगळे सब्जेक्ट असतात." आता सगळे सब्जेक्ट तर आमच्या झेडपीतही आहेत.

घरात ह्यांचं म्हणणं सीबीएसई, सासऱ्यांचं म्हणणं सेमी, म्हणजे राज्य मंडळच पण गणित-विज्ञान इंग्रजीतून. माझी काळजी वेगळीच आहे. ही पोरगी गोष्टी छान लिहिते, तिचं मराठी सुटायला नको. आणि फी भरून नुसती घोकंपट्टीच पदरात पडणार असेल तर कशाला? कुणी शिक्षक असतील तर खरं खरं सांगा.

मिरजेचा_बाप

फीबरोबर बसचं, गणवेशाचं, पुस्तकांचं आधी विचारा. आकडा तिथंच फुगतो.

दुसरं, हे कुणी आपणहून सांगत नाही. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. पण तिला शासकीय, अनुदानित किंवा झेडपी-पालिकेच्या शाळेतलीच मुलं बसू शकतात. विनाअनुदानित शाळेत घातलं की ते दार बंद. माझ्या थोरल्याच्या वेळी हे आम्हाला आठवीत गेल्यावर कळलं.

फळा_खडू_डस्टर

ताई, मी सांगलीतल्या एका विनाअनुदानित शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते, अडीनडीला भूगोलही. पुस्तिकेत काय छापतात आणि वर्गात काय होतं, दोन्ही रोज बघते. घोड्याबद्दल काही बोलत नाही.

बोर्डाचं भांडण आधी मिटवा. या तीन वर्षांतलं गणित-विज्ञान दोन्हीकडं बरंचसं सारखंच आहे. पूर्णांक, अपूर्णांक, टक्केवारी, समीकरणं, पेशी, बल, आम्लं हे कुठंच चुकत नाही. फरक पडतो तो इतिहासात आणि भाषेत. राज्य मंडळाचा इतिहास सहावीला प्राचीन, सातवीला मध्ययुगीन म्हणजे शिवकाळ आणि मराठेशाही, आठवीला आधुनिक असा चढत जातो. मराठीचं म्हणाल तर २०२० च्या कायद्यानं ती राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीची आहे. मात्र कायदा मराठीचा तास देतो, त्या तासाला गोष्ट लिहून घेणारी बाई देत नाही. ती आहे का हे तुम्हालाच बघावं लागेल.

आता मुद्द्याचं. पाचवीपर्यंत बहुतेक सगळं एकच गुरुजी शिकवतात. सहावीत दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी नवा चेहरा वर्गात येतो. घंटा झाली की विज्ञान संपलं, वही दप्तरात. पोरांची पक्की समजूत होते की गणितातली टक्केवारी वेगळी आणि भूगोलातली वेगळी. भागाकार करायला लावला की सातवीची पोरं मला म्हणतात, "बाई, हा विज्ञानाचा तास आहे ना?" या वयात विषयाविषयांत भिंती उभ्या राहतात, आणि त्या पाडायचं काम कुठल्याच वेळापत्रकात नसतं. शिक्षक एकमेकांशी बोलत असतील तरच ते होतं. मी तरी शाळा यावरूनच तोलते.

आमच्याकडचंच सांगते. आठवीला आम्ल-आम्लारीचा धडा आहे. आम्ल की आम्लारी ते रंग बदलून दाखवणारा लिटमस कागद प्रयोगशाळेत आहे, प्रयोगशाळेला कुलूप आहे आणि किल्ली ज्यांच्याकडं आहे ते सर नेमके त्या दिवशी रजेवर असतात. म्हणून आम्ही हळदीचा कागद करतो. सांगलीत हळदीला काय तोटा! हळद पाण्यात घट्ट कालवायची, टिपकागदाला दोन्ही बाजूंनी लावायची, सावलीत वाळवून पट्ट्या कापायच्या. लिंबाचा रस टाकला तर पट्टी पिवळीच राहते, दह्यानंही तशीच. चुन्याची निवळी टाकली की झटकन विटकरी लाल. धुण्याच्या सोड्यानंही लाल. खायच्या सोड्याला मात्र दर वर्षी वाद होतो, कुणाची पट्टी जराशी तांबूस होते, कुणाची पिवळीच राहते. मी निकाल देत नाही, दिसलं तेच लिहायला लावते. तो सोडा आम्लारीधर्मी आहे पण सौम्य, आणि हळदीचा रंग जिथं पालटतो तिथंच तो घुटमळतो, हे वाद पेटल्यावर सांगितलं तर डोक्यात राहतं. आधी सांगितलं तर नुसतं वहीत उतरतं.

एका वर्षी एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, माझी आजी म्हणते पूर्वी कुंकू हळदीचंच करायचे, चुना घालून." आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं गरीब घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांतून आलेली पोरगी, वडील मार्केट यार्डात हमाल. तोवर वर्गात तिचा आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं घरातून हळदीची जुनी पट्टी आणली. पट्टी म्हणजे सौदा झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशेबाचा कागद, त्यावर क्विंटलचा दर, वजन, हमाली, तोलाई सगळं असतं. आठवीच्या गणितात 'सूट व कमिशन' नावाचा धडा आहे. पुस्तकात त्याची उदाहरणं आहेतच, पण गणिताच्या सरांनी ती पट्टीच फळ्यावर उतरवली आणि एकूण रकमेतले किती टक्के कापले गेले ते काढायला लावलं. निम्मा वर्ग शेतकऱ्यांच्या घरचा. त्या तासाला कुणी खिडकीबाहेर बघत नव्हतं.

तिथून गाडी हरिपूरच्या पेवांवर गेली. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल खड्डे करून हळद साठवायचे. तोंड नीट बंद केलं की आतला प्राणवायू संपत जातो आणि किडीला जगता येत नाही. त्यामुळंच पेव उघडल्या उघडल्या माणूस आत उतरवत नाहीत, आधी हवा खेळू देतात. हा माझा विज्ञानाचा तास. २००५ च्या पुरात बरीच पेवं पाण्यानं निकामी झाली, तो भूगोल. २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते नागरिकशास्त्राच्या बाईंनी घेतलं. ठरवून काही केलं नव्हतं. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता झालं.

दुसरं एक सांगते, ते माझ्या फार आवडीचं आहे. आठवीच्या भूगोलात पहिलाच धडा 'स्थानिक वेळ व प्रमाण वेळ'. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२° ३०′ पूर्व रेखावृत्तावर भारताची घड्याळं लावलेली आहेत. सांगली साधारण ७४° ३०′ वर. फरक आठ अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडं सूर्य डोक्यावर यायला ३२ मिनिटं उशीर. पोरं हे गणित करतात आणि मोकळी होतात. आम्ही मैदानात सरळ काठी रोवतो. पावणेबाराला सावलीच्या टोकावर खूण करायची आणि काठी मध्य धरून सुतळीनं तेवढ्याच त्रिज्येचा कंस काढायचा. सावली आधी आखडते, मग पुन्हा वाढत वाढत कंसाला दुसऱ्या बाजूनं टेकते. ती वेळ लिहायची. दोन वेळांच्या बरोबर मध्यावर आपली खरी दुपार. दोन खुणा जोडून त्या रेषेचा मध्य काठीला जोडला की उत्तर-दक्षिण दिशाही हातात. भूमितीत जीवा-कंस शिकलेत ते इथं कामाला येतात.

गंमत पुढंच आहे. डिसेंबरच्या शेवटी केलं तर उत्तर १२ वाजून ३२ मिनिटांच्या आसपास येतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला केलं तर सव्वाबाराच्या पुढंमागं, आणि फेब्रुवारीच्या मध्यात पाऊण वाजायला येतो. पोरं म्हणतात काठी वाकडी रोवली. काठी सरळच असते. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा पूर्ण गोल नाही, त्यामुळं सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढंमागं करत राहतो. हे आठवीच्या पुस्तकात नाही, परीक्षेलाही येत नाही. पण पुस्तकातलं उत्तर आणि मैदानातलं उत्तर जुळलं नाही तर करायचं काय, हे पोरांनी याच वयात एकदा तरी भोगलेलं बरं.

पुराचं मुद्दाम लांबवत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचा आलेख गणिताच्या तासाला काढतो. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि २०१९ चा स्तंभ ५७ च्या वर. गावभागातली पोरं तो स्तंभ काढताना आपणहून बोलायला लागतात.

आता वाईट बाजू. इतिहासाचे बरेच तास 'प्रश्नोत्तरं उतरवून घ्या' यात जातात. ज्या मातीत नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, जिथून प्रतिसरकारनं रेल्वे लुटली ते शेणोली आणि त्यांचं ठाणं असलेलं कुंडल एसटीच्या पल्ल्यात आहेत, तिथली आठवीची पोरं तो भाग चार ओळींच्या टिपेत पाठ करतात. माझ्या डोक्यात तिडीक जाते. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, आजच्या जिल्ह्याचा बराचसा भाग साताऱ्यात होता, एवढंसुद्धा कुणी सांगत नाही. प्रकल्प म्हणाल तर निम्मे स्टेशनरीच्या दुकानातून येतात, थर्माकोलचा ज्वालामुखी आणि बापाचं अक्षर. रोबोटिक्सचा संच एक, जोडणारा एक, बघणारे चाळीस. पीटीचा तास चाचणीच्या आधी गणितवाले उचलतात. संगणकाचं ठीक आहे.

साताऱ्याचा_मोजणीदार

बाईंनी भिंतींचं बरोबर लिहिलंय. मी साताऱ्यात खासगी शाळेतच शिकलो. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा शिकवताना आमच्या सरांनी आम्हाला शाळेच्या गच्चीवर नेलं आणि समोरचा अजिंक्यतारा दाखवून म्हणाले, जिथं चढताना धाप लागते तिथं रेषा जवळजवळ काढा. कड्याशी चिकटलेल्या, खाली शहराकडं सुटत गेलेल्या. आज जमीन मोजणीच्या कामात आहे, कुठलाही टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा नकाशा उघडला की आधी धाप कुठं लागेल ते बघतो.

कासला सहलही गेली होती, पण तिथं शिक्षकांचं सगळं लक्ष पोरं मोजण्यात. कीटक खाऊन जगणारी ड्रॉसेरा पायाखाली होती, सातवीच्या विज्ञानात तिचं नाव होतं, आणि आम्ही वडापाव खाऊन परत आलो. ताई, शाळेला विचारा की सहलीच्या आधी आणि नंतर वर्गात काय करून घेतात. सहल कुठं जाते ते विचारू नका.

सीबीएसईच्या बाजूनं एक. सीबीएसईला एनसीईआरटीची पुस्तकं असतात, तिच्या आठवीच्या नव्या पुस्तकात मराठ्यांवर वेगळं प्रकरण आलंय. तेव्हा 'तिकडं शिवाजी महाराज नाहीत' हे सासऱ्यांचं म्हणणं असेल तर ते आता जुनं झालं.

माधवनगरची_आई

बाई, फार आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं, हळदीच्या पट्टीवर ते खूश. पण मला सांगा, बाहेरच्या पालकाला हे कळायचं कसं? स्टाफरूमच्या चहाला कोण बोलावणार? आणि दुसरं, सेमीत एकदम विज्ञान इंग्रजीतून आलं तर ही गांगरणार नाही का? शिवाय आठवीपर्यंत नापास करत नाहीत, म्हणून शिकवत नाहीत, असं शेजारी म्हणतात.

फळा_खडू_डस्टर

नापासाचं आधी. २०२३ च्या नियमांनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. तिच्यात नापास झालं तर फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. शेजाऱ्यांचं अर्धवट खरं आहे.

सेमीत पहिले दोन-तीन महिने पोरं गांगरतात, त्यात काही नवल नाही. झेडपीतून आलेल्यांची समज बऱ्याचदा चांगली असते, शब्द अडतात. शाळेला एवढंच विचारा, की मुलीनं विज्ञानाच्या तासाला मराठीत प्रश्न विचारला तर चालतो का. "इथं फक्त इंग्लिश" असं उत्तर आलं तर तिथं घालू नका, कितीही नाव असू द्या. पोरगी प्रश्न विचारायचंच सोडून देईल.

पारख करायची तर वह्या मागा. पुस्तिका नको, निकालाची टक्केवारी नको. आठवीच्या एकाच तुकडीतल्या पाच मुलांच्या विज्ञानाच्या वह्या घ्या, एकाच धड्याचं पान उघडा आणि एखादं 'कारण द्या' शेजारीशेजारी ठेवून वाचा. पाचांचं उत्तर काना-मात्रेसकट सारखं असेल तर ते फळ्यावरून उतरलंय. वाक्यं वेगवेगळी, एखादं चुकलेलं, शेजारी लाल शाईत बाईंनी काहीतरी विचारलेलं असेल तर तिथं शिकवतात. तुमच्या मुलीसाठी मराठीची निबंधवही मागा. 'माझा आवडता ऋतू' सगळ्यांचा पावसाळाच असेल आणि सगळ्यांचा मोर नाचत असेल, तर समजून घ्या.

द्यायला नाही म्हणतील काही ठिकाणी. मुलांची नावं झाकून दाखवा म्हणायचं, त्यावरही नाही म्हणाले तर दुसरी शाळा बघायची. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराच्या सुमारास जा. तेव्हा वह्या तपासायला टेबलावर असतात आणि प्राचार्यांना घाई नसते. एप्रिलमध्ये जाऊ नका, परीक्षेच्या गडबडीत कुणी बोलणार नाही. फेब्रुवारी बरा.