पांढरी कॉलर आणि लांब पँट

पुरुषांचे कपडे निव्वळ सोयीसाठी असतात, हे मत मला अजिबात पटत नाही. अठराव्या शतकाच्या फ्रान्समध्ये अमीर-उमराव गुडघ्यापर्यंतची तंग विजार घालत, कष्टकरी लांब पँट. त्यावरूनच क्रांतिकाळात 'सां-क्युलॉत', म्हणजे तोकडी विजार नसलेले, हे नाव आलं आणि त्या लोकांनी ते अभिमानानं मिरवलं. तुर्कस्तानात तर १९२५ साली कायद्यानं फेझ टोपी घालवून हॅट आणली. विरोध करणारे काहीजण फासावर गेले.

आणि पांढरी कॉलर? मानेच्या घामानं तिची घडी पिवळी पडते, कफची कड नुसती टेबलाला घासूनही काळवंडते. ती रोज शुभ्र दिसायची तर अंगमेहनत दुसऱ्या कुणीतरी करायची, आणि ती घासून धुवायचीही बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी.