मदत हवी आहे : ‘लिव्हरला सूज’ या एका शब्दात किती आजार कोंबायचे?

शब्दशोध
यकृताच्या तपासण्यांचे रिपोर्ट रुग्णाच्या घरच्यांना वाचता यावेत म्हणून चार पानी मराठी पत्रक करायचं आहे. अडलंय ते असं : हिपॅटायटिस, हिपॅटोमेगाली आणि फॅटी लिव्हर हे तीन वेगळे शब्द, पण बोलताना तिन्हींना ‘लिव्हरला सूज’च म्हणतात. रिपोर्टमधल्या ‘ग्रेड २’ आणि ‘एफ२’ दोन्हींना ‘दुसरी पायरी’ म्हटलं तर चालेल का? सिऱ्होसिस (यकृत तंतूंनी कठीण होणं), असायटिस (पोटात पाणी होणं) यांचं मराठी करावं की तसंच ठेवावं? आणि खर्ड्यातलं हे वाक्य तपासून द्या : ‘एसजीपीटी यकृताची कार्यक्षमता दाखवते, ती वाढली की यकृत निकामी होऊ लागलं असं समजावं.’

निदानिका
ते वाक्य आधी काढा. एसजीपीटी, म्हणजेच एएलटी, हे यकृताच्या पेशीतलं एन्झाइम. पेशीला इजा झाली की ते रक्तात झिरपतं. आकडा इजेचा आहे, कामाचा नाही. तीव्र हिपॅटायटिसमध्ये तो हजारावर जाऊनही माणूस पूर्ण बरा होऊ शकतो, आणि सिऱ्होसिस बळावलेल्याचा ४० च्या आत, म्हणजे नॉर्मल, असू शकतो, कारण झिरपायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात.

यकृत काम कसं करतंय ते बघायला बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते). अल्ब्युमिन रक्तात साधारण तीन आठवडे टिकतं, त्यामुळे अचानक आलेल्या आजारात लगेच उतरत नाही. रक्त गोठवणारे काही घटक मात्र काही तासांत संपतात, म्हणून आयएनआर लवकर बोलतो. पण पित्तनलिका तुंबली असेल तर ‘के’ जीवनसत्त्व शोषलं न गेल्यानेही आयएनआर वाढतो. तो ‘के’च्या इंजेक्शनने उतरतो.

एक ओळ ठळक छापाच : एसजीपीटी झपाट्याने उतरतेय, पण बिलिरुबिन आणि आयएनआर चढताहेत, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. घरचे नेमके इथेच फसतात.

कोशवाचक
सुजेबद्दल. हिपॅटायटिसला ‘यकृतदाह’ लिहा, हिपॅटोमेगालीला ‘यकृताचा आकार वाढणे’, फॅटी लिव्हरला ‘यकृतात चरबी साठणे’. तिन्ही एकत्र असू शकतात, पण असतीलच असं नाही. हृदय कमकुवत झालं की रक्त तुंबून यकृत मोठं होतं, तिथे दाह मुळात नसतो. सिऱ्होसिसमध्ये तर ते बहुधा आक्रसतं. ‘सूज उतरवणारं औषध’ मागायची सवय या एका शब्दाने लावली आहे, म्हणून पत्रकात तो शब्दच नको.

‘कावीळ’ हे आजाराचं नाव म्हणून वापरू नका, ते लक्षण आहे. बिलिरुबिन साधारण २ ते ३ मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की डोळे पिवळे दिसतात. हिपॅटायटिस ‘बी’ला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात, पण डोळे वर्षानुवर्षं पांढरेच राहूनही विषाणू अंगात असू शकतो. एचबीएसएजी (या विषाणूची रक्तातली खूण) सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह असेल तर तो जुनाट संसर्ग.

निदानिका
ग्रेड आणि एफ एक करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. सोनोग्राफीतली ग्रेड चरबीची : यकृत किती चकाकतं, आतल्या शिरांच्या कडा किती पुसट दिसतात, यावरून. एफ० ते एफ४ हा तंतुमयतेचा क्रम : जखम भरल्यावर वण राहतो तसे कठीण तंतू किती साचले. एफ४ म्हणजे सिऱ्होसिस. ग्रेड ३ असून एफ० असू शकतं. उलट ग्रेड १ वाचून निर्धास्त झालेला माणूस एफ३ निघू शकतो.

फायब्रोस्कॅनमध्ये (यकृताचा ताठरपणा बाहेरूनच मोजणारी तपासणी) दोन आकडे येतात : किलोपास्कल हा ताठरपणाचा, सीएपी हा चरबीचा. तपासणीआधी किमान ३ तास पोट रिकामं हवं. खाऊन गेलं तर ताठरपणा उगाच जास्त दिसतो. तीव्र दाहातही तसंच.

फिब-४, म्हणजे तंतुमयतेचा अंदाज देणारा आकडा, पत्रकात द्या, साध्या रिपोर्टवरून निघतो : वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम, म्हणजेच एएसटी), भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). वय ५०, एसजीओटी ६०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट दीड लाख : ३००० भागिले (१५० × ८), उत्तर २.५. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, दीड लाख म्हणजे १५०. तिथे १.५ टाकलं की उत्तर २५० येतं आणि घरात रडारड. १.३ च्या खाली बळावलेल्या तंतुमयतेची शक्यता कमी, २.६७ च्या वर जास्त, मधल्यांना फायब्रोस्कॅन. पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचं नाही आणि पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात.

कोशवाचक
सिऱ्होसिस तसंच ठेवा. ‘यकृत सूत्रण रोग’ कोशात सापडेल, पण वॉर्डात कुणी म्हणत नाही. असायटिसला ‘जलोदर’ चालेल, सोबत ‘पोटात पाणी होणे’. एन्सेफॅलोपॅथीला मात्र ‘वेड’, ‘भ्रमिष्ट’ नको. ‘यकृताच्या आजारामुळे मेंदूवर येणारी गुंगी’ लिहा आणि खुणा द्या : दिवसा झोप, रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, हात पुढे धरले की पंजे फडफडणं. बद्धकोष्ठ आणि झोपेच्या गोळ्या हे वाढवतात. यावर दिलं जाणारं लॅक्टुलोज ‘जुलाबाचं औषध’ वाटून बंद केलं जातं. दिवसाला २-३ मऊ शौच व्हावेत हाच त्याचा हेतू आहे.

शब्दशोध
वाक्य असं केलं : ‘एसजीपीटी वाढणे म्हणजे यकृताच्या पेशींना इजा होत आहे. यकृताचे काम किती बिघडले, हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर पाहून ठरते.’

निदानिका
चालेल. एसजीओटीला हेच वाक्य जोडू नका. ती स्नायूंतही असते, दमछाक करणाऱ्या व्यायामानंतरही वाढते.