बोटुकलीवर (माशांच्या बोटाएवढ्या पिलांवर) कापसासारखी बुरशी: कडुनिंब चालेल का?

प्रश्न: जाळे ओढल्यावर बोटुकलीच्या अंगावर पांढरे पुंजके आलेत. तळ्यात कडुनिंबाचा पाला टाकू का?

उत्तर १: थेट तळ्यात नको. पाला कुजला की प्राणवायू घटतो, शिवाय अर्क जास्त झाला तर मासेच मरतात. ही बहुधा सॅप्रोलेग्निया नावाची पाण्यातली बुरशी, खरचटलेल्या जागी थंड पाण्यात फोफावते. वेगळ्या टाकीत लिटरला १० ग्रॅम मीठ, १० मिनिटे, हवा चालू ठेवून. मासा कलंडला की लगेच साध्या पाण्यात.

उत्तर २: वनस्पतीच हवी तर देशी बदामाची वाळलेली पाने भिजवा, पाणी गाळून टाकीत थोडे थोडे घाला. पानांतल्या टॅनिनने (तुरट द्रव्याने) पाण्याचा सामू (पीएच) उतरतो, मऊ पाण्यात तर झपाट्याने. प्रत्येक वेळी मोजा.

उत्तर ३: लवंग तेल टाळा, त्यातल्या युजेनॉलने मासे बेशुद्ध होतात. आणि खाण्याच्या माशांना मॅलाकाइट ग्रीन (बुरशीवर वापरतात तो हिरवा रंग) अजिबात नको!