जोत्याची उंची नेमकी कोणत्या शून्यापासून मोजावी?

प्रश्न

नमस्कार. शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठापासून काही अंतरावर आमचे जुने घर आहे. २०२१ च्या जुलैमध्ये त्यात कमरेइतके पाणी होते. ते घर उतरवून त्याच जागेवर नवे बांधायचे आहे. पूररेषेच्या नकाशाप्रमाणे जागा निळ्या रेषेच्या (अधिक वेळा येणाऱ्या पुराची हद्द) आणि लाल रेषेच्या (क्वचित येणाऱ्या महापुराची हद्द) मध्ये येते, त्यामुळे जोते किती उंच घ्यावे हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरला आहे.

अडचण अशी की माझ्याकडे एकाच जागेच्या उंचीचे तीन आकडे आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. मोजणी करणाऱ्याने दिलेल्या कागदावर प्लॉटच्या कोपऱ्याची आर. एल. (ठरवलेल्या शून्यापासूनची उंची, मीटरमध्ये) ९९.३५० लिहिली आहे, मोबाईलमधील ॲप उंची चारशे सत्तर मीटरच्या आसपास दाखवते, आणि पूररेषेच्या नकाशातील पातळ्या पाचशे चाळीसच्या घरातील आहेत. शिवाय गावात सगळे कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीच्या फुटांमध्येच बोलतात. यांपैकी कोणता आकडा धरून आराखडा करावा?

प्रतिसाद १ (निवृत्त उपअभियंता)

तुमचे तिन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण प्रत्येकाचा शून्य वेगळा आहे. आपल्याकडे बांधकामाच्या वादांमध्ये उंची चुकीची मोजली गेल्यापेक्षा ती कशापासून मोजली हे न लिहिल्यामुळे झालेले नुकसानच मी अधिक पाहिले आहे.

९९.३५० हा आकडा गृहीत धरलेल्या बेंचमार्कवरून (उंची मोजण्यासाठी आधार धरलेल्या पक्क्या खुणेवरून) आला आहे. मोजणीदाराने जवळच्या एखाद्या ओट्याला किंवा मोरीच्या कठड्याला १००.००० मानले असेल, म्हणजे तुमचा कोपरा त्या ओट्यापेक्षा ६५ सेंटिमीटर खाली आहे. पाया आणि सांडपाण्याचा उतार यांसाठी एवढे पुरते, पण पुराचा विचार करताना या आकड्याचा उपयोग नाही.

अनेक फोन उपग्रहांवरून जी उंची दाखवतात, ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. भारतीय द्वीपकल्पाखाली सरासरी समुद्रसपाटीचा पृष्ठभाग या लंबगोलाच्या बराच खाली जातो, आणि आपल्या भागात हा फरक साठ-सत्तर मीटर भरतो. तुमच्या फोनचा आकडा आणि नकाशाचा आकडा यांच्यातील तफावत मुख्यतः त्याचीच आहे, आणि त्यावर फोनची स्वतःची काही मीटरची चूक वेगळी.

नकाशातील पातळी सरासरी समुद्रसपाटीपासूनची आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने कराची, मुंबई, कारवार यांसह नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून १९०९ मध्ये देशभराच्या लेव्हलिंगचे (खुणेपासून खुणेपर्यंत उंची मोजत नेण्याचे) जाळे जुळवले, आणि आपल्या जुन्या बेंचमार्कांचे मूळ तिथे आहे. तुमचे जोते याच शून्याशी जोडले गेले पाहिजे.

राजाराम बंधाऱ्याचे फूट हे त्या जागेवरील मोजपट्टीचे आहेत. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर, तर २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर गेले. पण कोल्हापूरचा फूट शिरोळला नेता येत नाही. पुराच्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्याला उतार असतो, आणि पंचगंगा कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीच्या संगमाजवळ कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेला मागे फुगवटा येतो. शिवाय प्रत्येक ठिकाणी मोठा पूर एकच नसतो: सांगलीत २०१९ चा पूर मोठा ठरला आणि कोल्हापुरात २०२१ चा.

प्रतिसाद २ (मोजणी व्यवसायातील)

वरील खुलाशाला प्रत्यक्ष कामाची जोड देतो. समुद्रसपाटीशी जोडलेला खात्रीचा बेंचमार्क पाटबंधारे किंवा बांधकाम खात्याच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावा, आणि शक्यतो ज्या बेंचमार्कवरून पूररेषा आखली गेली तोच मिळवावा. जयसिंगपूर स्थानकाच्या पाटीवरील उंची ही ढोबळ पडताळणीसाठी ठीक आहे, पण ती बेंचमार्क म्हणून धरू नये.

तेथून ऑटो लेव्हलने (आडवी रेषा धरणाऱ्या दुर्बिणीच्या उपकरणाने) प्लॉटपर्यंत लेव्हल आणावी आणि दुसऱ्या वाटेने परत मूळ बेंचमार्कवर बंद करावी. जाऊन-येऊन सहा किलोमीटरचे अंतर असेल, तर चांगल्या कामात साधारण २९ मिलिमीटरपर्यंतची चूक चालते. किलोमीटरच्या वर्गमुळाला १२ ने गुणले की हा आकडा मिळतो. दुर्बिणीपासून मागची आणि पुढची पट्टी सारख्याच अंतरावर ठेवण्याचा आग्रह धरा, कारण दुर्बिणीची रेषा थोडी कलती असली तरी त्यामुळे चूक आपोआप कटते. केवळ एका दिशेने आणलेली, बंद न केलेली लेव्हल कागदावर कितीही नीटनेटकी दिसली तरी स्वीकारू नका.

माझी कळकळीची विनंती अशी की जुने घर पाडण्यापूर्वी भिंतीवरील २०२१ च्या पुराची खूण याच फेरीत मोजून घ्या. घर पाडले की ती खूण कायमची जाईल.

उपग्रहांवरून तयार केलेले मोफत उंचीचे नकाशे मात्र यात आणू नका. २००० मध्ये अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीत झाडांचे शेंडे आणि छपरेही येतात आणि चूक काही मीटरची असते. खोऱ्याचा ढोबळ विचार करायला ते चांगले, एका जोत्यासाठी नव्हे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे फेरी बंद करून घेतली. सहा किलोमीटरमध्ये १७ मिलिमीटरची चूक आली. लाल रेषेची पातळी प्लॉटच्या जमिनीपेक्षा १.४० मीटर वर आहे, पण भिंतीवरील पुराची खूण १.६२ मीटरवर निघाली. जुने जोते दोन फुटांचे होते आणि वर कमरेइतके पाणी, म्हणजे हिशेब आठवणीशीही जुळतो. नियमाप्रमाणे लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर धरले, तर जोते १.८५ मीटर होते. मग प्रत्यक्ष पुरापेक्षा ते केवळ २३ सेंटिमीटर वर राहील. एवढे पुरेल का?

प्रतिसाद ३ (निवृत्त उपअभियंता)

पुरणार नाही. नियमातील ०.४५ मीटर ही किमान मर्यादा आहे, आणि जिथे प्रत्यक्ष पाणी रेषेच्या वर गेले तिथे त्या पाण्यापासूनच मोजावे. म्हणजे १.६२ अधिक ०.४५, साधारण २.१० मीटर घ्या.

मात्र एवढी उंची भराव घालून गाठू नका. भरावामुळे पाण्याची वाट अडते आणि ते शेजाऱ्याच्या घरात वळते. शिवाय काळ्या मातीवरील ताजा भराव पुरानंतर खचतो. खांबांवर घर उचलून खालचा भाग मोकळा ठेवावा आणि वीजमीटर, पाण्याची मोटर, धान्याची कोठी हे सर्व वरच्या पातळीवर घ्यावे. संडासाची टाकी आणि तिच्या झडपा यांचा विचार आताच करा, कारण पूर घरात शिरतो तो अनेकदा याच वाटेने.

आणि एक. गवंड्याला नुसते २.१० सांगू नका. प्लॉटवर न हलणाऱ्या जागी, शक्यतो काँक्रीटच्या ठोकळ्यात लोखंडी सळई बसवून, समुद्रसपाटीपासूनची आर. एल. तिच्यावर रंगवून ठेवा आणि जोत्याची पातळी ड्रॉइंगवर त्याच शून्यापासून लिहा. समोरचा रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो. त्याच्यापासून मोजलेले जोते दहा वर्षांनी कोणालाच तपासता येणार नाही.