पणजोबांचं गाव कसं काढायचं? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-१०३ निखिल: नमस्कार सगळ्यांना. घराण्याची माहिती जुळवतोय. पणजोबांचं नाव बाबू वलद सिद्राम, आणि "अक्कलकोटकडचे" एवढंच हाताशी आहे. वंशवृक्षाच्या दोन साइटवर आडनाव टाकलं, शेकडो माणसं निघाली, आमचं कोणी लागेना. मोडीच्या एका ग्रुपवर विचारलं तर म्हणाले, आधी गाव सांगा. गावच तर शोधायचंय. सुरुवात कुठून करू?

ए-४०२ कुलकर्णी काका: निखिल, त्यांनी बरोबर सांगितलं. आडनावावरून जाऊ नकोस. शंभर वर्षांपूर्वीच्या महसुली कागदात पुष्कळदा आडनाव नसतंच. माणसाचं नाव, मग बिन किंवा वलद, मग बापाचं नाव, की झालं. आडनाव बऱ्याच घरांना पहिल्यांदा चिकटतं ते शाळेत. म्हणून आधी आजोबांची शाळा गाठ. शाळा सोडल्याचा दाखला नुसता आणू नकोस, जनरल रजिस्टरचा पूर्ण उतारा माग. त्यात जन्मठिकाण, आधीची शाळा, शाळा कधी आणि का सोडली, असे रकाने असतात. गाव बहुतेक तिथंच सापडतं. जन्मतारीख १ जून दिसली तर ती धरून चालू नको. शाळा जूनला भरायची, वय पुरं दाखवायला गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. सालातही एक-दोन वर्षांचा फरक गृहीत धर.

बी-२०१ पाटील अक्का: आणि "अक्कलकोटकडचे" म्हणजे नेमकं काय ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घे रे. आताचा तालुका की तेव्हाचं संस्थान? अक्कलकोट १९४८ पर्यंत वेगळं संस्थान होतं, त्याचं दप्तर वेगळं. मंगळवेढा तेव्हा सांगली संस्थानात. तुळजापूर, नळदुर्ग निजामाकडं. सोलापूर शहर, बार्शी, पंढरपूर इंग्रजांकडं. म्हणजे इथून, सोलापुरातून, बैलगाडीनं एका दिवसात जाता येईल एवढ्या अंतरात अंमल बदलायचा, आणि अंमल बदलला की कागदाची भाषा, साल, कचेरी सगळंच बदलायचं. गाव कळलं की लगेच लिहून ठेव: तेव्हा कुणाच्या अंमलात.

बी-२०१ पाटील अक्का: एकाच नावाची गावंही असतात. शिरवळ म्हटलं की लोक खंडाळ्याजवळचं धरतात. अक्कलकोट तालुक्यातही शिरवळ आहे. तालुक्याशिवाय गावाचं नाव कुठंच लिहू नको.

ए-४०२ कुलकर्णी काका: अक्का म्हणतात ते फार महत्त्वाचं. आता जमीन होती असं धरून सांगतो. "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर जुने सातबारे, फेरफार (जमिनीवरचा हक्क बदलल्याची नोंद), आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) स्कॅन करून ठेवलेत. जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार निवडायचा. तिथं नाही मिळालं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा.

सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. तो फेरफार काढायचा, त्यात आधीचा फेरफार किंवा आधीचा खातेदार सापडतो, मग तो काढायचा. अशी शिडी मागं मागं उतरायची. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यात नाव कंसात असेल तर त्या माणसाचा हक्क तिथं संपलेला असतो. ते नाव सोडून देऊ नकोस, शोधायचा माणूस पुष्कळदा कंसातच असतो.

एका ठिकाणी शिडी मोडते. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन १९३० चा कागद मागितला तर "असा नंबर नाही" असंच उत्तर येणार. आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्यायचा, त्यात कोणत्या जुन्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते असतं.

सी-१०३ निखिल: काका, एक जुना फेरफार घरात आहे. त्यात "अ.पा.क." आणि "कोम" असं काहीतरी आहे. कळेना.

ए-४०२ कुलकर्णी काका: तेच तर सोनं आहे. नमुन्यादाखल ओळ धर: "बाबू वलद सिद्राम मयत, वारस सिद्राम वलद बाबू अ.पा.क. आई गंगूबाई कोम बाबू". अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा तेव्हा सज्ञान नव्हता, आई पालक. कोम म्हणजे अमक्याची बायको. म्हणजे एका ओळीत बाप कधी गेला याचा अंदाज, मुलाच्या वयाची वरची मर्यादा, आईचं नाव, आणि नातवाला आजाचं नाव ठेवल्याचं, चारही गोष्टी मिळाल्या. "ए.कु.मॅ." दिसलं तर एकत्र कुटुंब मॅनेजर. तिथं एकाचंच नाव लागतं, पण मागं भाऊ असतात. एकच नाव दिसलं म्हणून एकुलता एक समजायचं नाही.

मुलींची नावं मात्र १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधीच्या वारस नोंदीत सहसा मिळत नाहीत. त्या होत्याच, कागदावर नाहीत, एवढं लक्षात ठेव. त्यांच्यासाठी गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते बघ.

डी-३०२ जोशी ताई: कोतवाल बुक पुष्कळ ठिकाणी मोडीत आहे, म्हणून माझं दोन शब्द. ऑनलाइन ग्रुपवर मोडी वाचून देणारी फार चांगली माणसं आहेत, फुकट वाचतात. पण फोटो असा येतो की वाचणाऱ्यानं करायचं काय. कृपा करून असं करा:

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. मोबाइल पानाला समांतर, तिरका नको. आधी चारही कडा दिसतील असं पूर्ण पान, मग वरच्या रकान्यांची नावं, मग हवा तो भाग तीन तुकड्यांत, प्रत्येक तुकडा आधीच्यावर थोडा चढवून. मागची बाजू कोरी वाटली तरी काढा, तिथं शिक्का किंवा दाखल तारीख असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात की तो दाबला जातो आणि मोडीच्या बारीक वेलांट्या एकमेकांत मिसळतात. डॉक्युमेंट म्हणून जोडा.

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. त्यामुळे वाचणाऱ्याला गाव, तालुका, अंमल, कागदाचा प्रकार, अंदाजे साल हे सगळं द्या. एक गोष्ट मात्र देऊ नका: तुम्हाला जे नाव सापडावंसं वाटतं ते. ते सांगितलं की माणूस नकळत तेच वाचतो. दोन वेगळ्या जणांकडून स्वतंत्र वाचून घ्या. दोघांचं जुळलं तर पक्कं, नाही जुळलं तर तेवढाच शब्द मोठा करून तिसऱ्याला.

डी-३०२ जोशी ताई: सालाचंही. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते चैत्रापर्यंत ७९. फसली असेल तर ५९०: फसली १३१९ म्हणजे १९०९-१०. त्याहून जुन्या कागदात सुहूर सन येतो, त्यात ५९९ मिळवायचे. आपल्याकडं फसली आणि सुहूर दोन्ही मृगाला बदलायचे, म्हणून जानेवारी ते मे मध्ये आणखी एक मिळवा. कोणतं साल आहे ते न बघता नुसता आकडा वंशावळीत टाकला, तर बाप मुलाच्या नंतर जन्मलेला दिसतो.

ई-१०४ अण्णा: आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांचं वेगळं आहे बघा. विणकर कुटुंबं तेलंगणातून आलेली. तिकडं जमीन नसलेली घरं पुष्कळ, मग फेरफार शोधण्यात दिवस घालवू नये. इंटीपेरु, म्हणजे तेलुगू घराण्याचं नाव, आणि मूळ गाव या दोनच गोष्टी धराव्यात. इंटीपेरु मराठीत लिहिताना बदललंय: एकाच घराण्यात कुणी यनगंदुल, कुणी येनगंदुल, कुणी यलगंदुल. तेलुगू ग्रुपवर विचारताना तेलुगू लिपीतच लिहावं, सगळी मराठी वळणं तिथं एका शब्दात येतात. करीमनगरकडं एलगंदल नावाचं जुनं ठाणं आहे, त्यावरून दिशा मिळते, पुरावा नव्हे.

इथल्या कागदात बघायचं तर शाळेचं रजिस्टर, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, समाजाच्या वाडीतल्या किंवा देवळातल्या देणगीदारांच्या फरशा, आणि जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेत खाली मामाचं गाव छापलेलं असतं. ते एक गाव कळलं की तिकडच्या ग्रुपवर आपला प्रश्न एकदम सोपा होतो.

ए-४०२ कुलकर्णी काका: अण्णा, फार उपयोगी. तिकडं जमीन असलीच तर १९५४-५५ ची खासरा पाहणी मागायची. मराठवाड्यातल्या गावांनाही तेच, निजामाचा भाग म्हणून.

वतनदार घर असेल, पाटील, कुलकर्णी, महार, कुठलंही, तर वतनाचे कागद आधी. वतनाची पाळी ठरवायला वंशावळ द्यावीच लागायची, म्हणून तिथं तीन-चार पिढ्या एका पानावर मिळतात. महार वतनाच्या घरांनी हे जरूर बघावं, बाकी कागदांत त्यांची नावं फार तोडकी येतात.

बी-२०१ पाटील अक्का: हेळवी, म्हणजे घरोघरी फिरून वंशावळ वाचून दाखवणारे, राहिले की. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात सुगी झाल्यावर हेळवी येतात, त्यांची घराणी वाटून घेतलेली असतात. गावातल्या जाणत्या माणसाला विचार, आपल्या घराचा हेळवी कोण. वही बहुधा कन्नडमध्ये. मूळ गाव, कुलदैवत, कोणत्या गावाहून कुठं सरकले, हे ते नीट सांगतात. शेवटच्या चार-पाच पिढ्या पक्क्या धराव्यात. त्याच्या वरचं राजापर्यंत, देवापर्यंत जातं, ते वेगळ्या पानावर लिहावं. आणि वाचताना रेकॉर्ड करायचं तर आधी विचारावं, त्यांची ती रोजीरोटी आहे.

ए-२०३ सेक्रेटरी: पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडेही, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांकडे, यात्रेकरूंच्या वह्या असतात ना?

ए-४०२ कुलकर्णी काका: हो, पंढरपूर, तुळजापूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर. गाव आणि आडनाव सांगितल्याशिवाय वही उघडता येत नाही, म्हणून तिथंही गाव आधी. चांगलं हे की नोंद यात्रेकरूनं स्वतः सांगितलेली असते, बायकामुलांसकट. हरिद्वारच्या वह्यांची फिल्म फॅमिलीसर्चवर आहे, खातं मोफत. पण तिथं नावानं शोधून मिळालं नाही तर "नाही" समजू नये, पानं चाळावी लागतात.

डी-३०२ जोशी ताई: वंशवृक्षाच्या साइटवर दुसऱ्याच्या झाडाशी आपलं झाड जोडायची सूचना येते. नाव, बापाचं नाव आणि गाव, तिन्ही कागदावर जुळल्याशिवाय होकार देऊ नका. एकदा जोडलेलं सुटं करायला फार त्रास होतो, आणि चूक पुढचे पन्नास जण उतरवून घेतात. हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार, चालू सातबारा उघड्या ग्रुपवर टाकू नका. कुणी "मूळ कागद द्या, काम करून देतो" म्हणालं तर झेरॉक्स द्यायची, मूळ कागद घरात.

सी-१०३ निखिल: सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा मैंदर्गीच्या शाळेत होते असं आत्ता आत्यानं सांगितलं.

ए-४०२ कुलकर्णी काका: मग सोमवारी मैंदर्गी. अर्जात आजोबांचं नाव दोन्ही पद्धतीनं लिही, आडनावासह आणि वडिलांच्या नावासह. साल एकच देऊ नको, पाच वर्षांचा टप्पा दे. आधीची शाळा हा रकाना आलाय का ते तिथंच उभ्या उभ्या बघून घे.

डी-३०२ जोशी ताई: आणि तो घरातला फेरफार आजच टाक. पूर्ण पान, पाठपोट, डॉक्युमेंट म्हणून.